घोड्याच्या तबेल्यात आलेली पदवी

(बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





आयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय दिला होता, 'बारावीनंतर काय?' मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्यात नोकरी करतो. त्यामुळे कॉम्प्युटरला प्रवेश घ्यावा की एआयला, कुठल्या कॉलेजची प्लेसमेंट बरी, असं काही मी सांगावं अशी अपेक्षा असणार. ते मी सांगेन, पण माइकवरून नाही. कार्यक्रम संपल्यावर त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून सांगेन. प्रत्येकाचे मार्क वेगळे, घरची परिस्थिती वेगळी, सगळ्यांना मिळून एकच सल्ला देऊन काय होणार? माइकवरून मला एक गोष्ट सांगायची आहे. ती अमेरिकेतली आहे आणि ऐंशी वर्षांहून जुनी आहे. ती का सांगावीशी वाटली, ते आधी सांगतो.

2025 साली बारावीचा निकाल 5 मेला लागला, सोमवारी. माझ्या आपाची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. 84 टक्के पडले. दुल्हेभाईंनी लगेच दोन किलो पेढ्यांची ऑर्डर दिली. पेढे मंगळवारी संध्याकाळी घरी आले, बुधवारी सकाळी वाटायचं ठरलं. बुधवारी, म्हणजे 7 तारखेला, सकाळी उठून टीव्ही लावला तर युद्ध सुरू झालेलं. पुढचे चार दिवस काय वातावरण होतं ते तुम्हाला आठवत असेल. दुल्हेभाई म्हणाले, "चार दिवस थांबू. आज आपण पेढे वाटत फिरलो तर कोणाला काय वाटेल सांगता येत नाही." त्यांना कोणी काही बोललं नव्हतं. शेजारचे कुलकर्णी काका तर दोनदा विचारून गेले होते, "पेढे कधी?" तरीही पेढे फ्रिजमध्येच राहिले. आणि माझी भाची, जिनं दोन वर्षं रात्री जागून अभ्यास केला होता, ती आपल्याच निकालावर गप्प बसली.

शुक्रवारी तिच्या ज्युनिअर कॉलेजच्या गणिताच्या मॅडम घरी आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "माझे पेढे कुठायत?" फ्रिजमधले गार पेढे त्यांनी खाल्ले, दोन घरी न्यायला मागून घेतले. मग म्हणाल्या, "आता कागद दाखव." शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरंच. आपल्याकडे हे घरोघरी आहे. शेख, शेक, अब्दुल, अब्दूल. मॅडम शनिवारी स्वतः तिला घेऊन ऑफिसात गेल्या आणि दाखल्याच्या दुरुस्तीचा अर्ज लिहून, सही-शिक्का घेऊनच उठल्या. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आत तो कागद हातात होता.

त्या शनिवारी आपाचा फोन आला आणि मला सॅन ब्रुनो आठवलं.

कंपनीनं मला अडीच वर्षांसाठी कॅलिफोर्नियाला पाठवलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सॅन ब्रुनो नावाचं गाव आहे, तिथे मी भाड्यानं राहत होतो. रोज 'बार्ट'नं ऑफिसला जायचो. बार्ट म्हणजे त्यांची लोकल, फक्त दारात लटकायची सोय नाही. स्टेशनला लागूनच टॅनफोरान नावाचा मॉल. तिथे एका घोड्याचा पुतळा होता. सीबिस्किट नावाचा शर्यतीचा घोडा, तिकडे फार प्रसिद्ध. मला वाटलं, मॉलमध्ये घोडा कशाला? तर मॉलच्या जागी पूर्वी रेसकोर्स होता. आणि 1942 मध्ये त्या रेसकोर्सवर, घोड्यांच्या तबेल्यांत, सुमारे आठ हजार माणसं ठेवली होती. माझ्याच स्टेशनवर त्यांची छायाचित्रं लावलेली होती आणि मी कित्येक महिने कानात इअरफोन घालून त्यांच्यासमोरून जात होतो. पुढे ऑगस्ट 2022 मध्ये स्टेशनबाहेर त्या माणसांचं मोठं स्मारक झालं. कोटाला नंबराच्या चिठ्ठ्या बांधलेल्या दोन लहान बहिणींचा पुतळा. डोरोथिया लँग यांनी 1942 मध्ये काढलेल्या एका छायाचित्रावरून केलेला. घोड्याचा पुतळा मात्र त्याच्या किती तरी आधीपासून होता.

ही माणसं कोण होती? 7 डिसेंबर 1941 रोजी जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी वंशाचे बरेच लोक राहत होते. आई-वडिलांच्या पिढीला कायद्यानंच नागरिकत्व घेता येत नव्हतं. मुलं तिथेच जन्मलेली, म्हणजे जन्मानं अमेरिकन. 19 फेब्रुवारी 1942 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 9066 क्रमांकाच्या आदेशावर सही केली. लष्करानं ठरवलेल्या भागातून लष्कराला वाटेल त्या माणसाला हलवता येईल, असा तो आदेश. त्यात 'जपानी' हा शब्द कुठेच नाही. मी कोड लिहिणारा माणूस आहे, मला हे फार ओळखीचं वाटलं. नियम लिहिताना तो सगळ्यांसाठी असतो, चालवताना मात्र एकाच यादीवर चालतो. सुमारे एक लाख वीस हजार लोकांना घरं, दुकानं, शेतं सोडून, हातात मावेल तेवढंच सामान घेऊन निघावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक होते. आधी रेसकोर्स आणि जत्रेची मैदानं, मग वाळवंटात आणि दलदलीच्या भागात बांधलेल्या दहा मोठ्या छावण्या. काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे.

आता वेळ बघा. ही हलवाहलवी झाली मुख्यतः एप्रिल-मेमध्ये. तिकडे शाळा आणि कॉलेजांचं वर्ष संपतं मे-जूनमध्ये. म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्गातली मुलं, तुमच्याच वयाची, निरोप समारंभाला काही आठवडे उरलेले असताना उचलली गेली. काही शाळांनी प्रमाणपत्रं पोस्टानं पाठवली. काहींनी वर्ष पूर्ण झालं नाही म्हणून दिलीच नाहीत.

योशिको उचिदा ही बर्कलीच्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. पर्ल हार्बरच्या दिवशीच तिच्या वडिलांना एफबीआय घेऊन गेली होती. तिला, आईला आणि बहिणीला टॅनफोरानला जागा मिळाली ती घोड्याच्या एका खणात. तिकडे विद्यापीठात पदवीदान समारंभ झाला, आणि हिची पदवी पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून पोस्टमननं त्या तबेल्यात आणून दिली. ती पुढे लेखिका झाली, तिनं हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

त्याच वर्षी, त्याच विद्यापीठात, सगळ्यांत जास्त गुण मिळवून सुवर्णपदक पटकावलेला विद्यार्थी होता हार्वे इटानो. समारंभात त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो सॅक्रामेंटोजवळच्या एका तात्पुरत्या छावणीत होता. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट स्प्राउल यांनी भर सभेत तो का आला नाही याचा उल्लेख केला. देशानं त्याला दुसरीकडे बोलावलं आहे, अशा अर्थाचं ते बोलले. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. 'बोलावलं' काय? पण नंतर वाटलं, त्या वातावरणात, हजारो लोकांसमोर, रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवणं हेही सगळ्यांनी केलं नाही. अजूनही माझं मत नक्की झालेलं नाही. तुम्ही ठरवा.

इटानोचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण त्यातून मला मुख्य मुद्द्याकडे यायचं आहे. जुलै 1942 मध्ये तो छावणीतून बाहेर पडला आणि सेंट लुइसच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाला. छावणीतून शिकायला बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी तो. डॉक्टर झाला, मग लायनस पॉलिंग यांच्याबरोबर संशोधन केलं. 1949 मध्ये त्यांचा जो निबंध आला त्यानं दाखवलं की सिकलसेल हा आजार रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या फरकामुळे होतो. नंदुरबारला, गडचिरोलीला, मेळघाटात आज सिकलसेलची तपासणी होते, तेव्हा खात्रीसाठी जी इलेक्ट्रोफोरेसिसची चाचणी करतात, ती ज्या पद्धतीवर उभी आहे ती या लोकांनी तेव्हा वापरलेली.

पण मला विचारायचंय ते वेगळं. तो बाहेर पडला कसा? नुसत्या हुशारीवर तारेबाहेर जाता येत नव्हतं. बाहेर शिकायला जायचं तर काय लागायचं त्याची यादी ऐका. किनाऱ्यापासून दूरच्या एखाद्या कॉलेजानं प्रवेश दिला पाहिजे. त्या कॉलेजला लष्कर आणि नौदलाची मंजुरी पाहिजे. खर्चाची तजवीज आहे याचा पुरावा पाहिजे. त्या गावातल्या लोकांची हरकत नाही असं तिथल्या जबाबदार माणसाचं पत्र पाहिजे. एफबीआयची तपासणी. आणि छावणीतून बाहेर पडायचा परवाना. अठरा वर्षांचा मुलगा तारेआड बसून हे कुठून गोळा करणार? त्याची मार्कशीट शाळेत, शाळा पाचशे मैलांवर.

हे कागद गोळा केले शिक्षकांनी. 1942 च्या मार्चमध्येच, लोकांना हलवायला सुरुवात होत होती तेव्हा, बर्कलीत काही प्राध्यापक आणि विद्यार्थी संघटनांनी एक समिती केली. सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात सुमारे 450 जपानी वंशाचे विद्यार्थी होते. तिथले अध्यक्ष ली पॉल सीग यांनी देशाच्या आतल्या भागातल्या विद्यापीठांना पत्रं लिहिली, आमची ही मुलं घ्या म्हणून. समाजशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट ओब्रायन हे तिथल्या जपानी विद्यार्थी मंडळाचे सल्लागार. त्यांनी मुलांची बदली, कागदपत्रं, पत्रव्यवहार अंगावर घेतला. मे 1942 च्या अखेरीस शिकागोत राष्ट्रीय पातळीवरची परिषद स्थापन झाली, क्वेकर लोकांच्या पुढाकारानं. ओब्रायन काही काळ तिचे संचालक होते. युद्ध संपेपर्यंत या परिषदेनं सुमारे चार हजार विद्यार्थ्यांना सहाशेहून जास्त संस्थांमध्ये पोचवलं.

सगळीकडे गोड झालं असं समजू नका. आयडाहोच्या विद्यापीठात 1942 च्या वसंतात सहा जणांना प्रवेश मिळाला. विद्यापीठ ज्या गावात आहे त्याचं नाव मॉस्को. गावात ओरड झाली, प्रवेश रद्द झाले, आणि पोचलेल्या दोन मुलींना जमावापासून वाचवायचं म्हणून रात्री तुरुंगात ठेवावं लागलं. बॅगा घेऊन शिकायला आलेल्या मुली! मी दोन बहिणींचा भाऊ आहे, आणि त्या रात्री तारेआड बसलेल्या त्यांच्या आईला हे कळलं असेल का, एवढंच माझ्या डोक्यात येतं.

आणि जे छावण्यांतच राहिले, त्यांचं काय? तिथे शाळा सुरू झाल्या. 1942 च्या शरद ऋतूत मॅन्झनारला मुलं जमिनीवर बसून शिकत होती. बाक नाहीत, पुस्तकं नाहीत, फळ्यांच्या फटींतून वाळू आणि थंडी आत. बाहेरून आलेले गोरे शिक्षक होते, त्यांना सरकारी पगार. छावणीतलेच शिकलेले तरुण शिकवायचे, त्यांना महिन्याला फार तर 19 डॉलर. योशिको उचिदानं टॅनफोरानला आणि पुढे युटा राज्यातल्या टोपाझ छावणीत लहान मुलांना शिकवलं. स्वतःची पदवी नळीत पडलेली, आणि ही रोज वर्गात.

टोपाझच्या हायस्कुलात एलेनॉर जेरार्ड सेकेराक नावाच्या शिक्षिका होत्या, ऑकलंडहून मुद्दाम तिथे गेलेल्या. त्यांचा विषय नागरिकशास्त्र. राज्यघटना, नागरिकांचे हक्क, लोकशाही. काटेरी तारेआड बसलेल्या मुलांना हे शिकवायचं कसं, हा प्रश्न आपल्याला पडला होता, असं त्यांनी नंतर लिहिलं आहे. इथे समोर नागरिकशास्त्राचे सर बसलेत, त्यांना विचारतो, तुम्ही काय केलं असतं? धडा गाळला असता? मला विचाराल तर त्या बाईंनी तो धडा गाळला नाही यातच त्यांचं मार्गदर्शन आलं. मुलांपुढे जे चाललंय त्याला नाव द्यायला शब्द होते, आणि ते शब्द त्यांच्याच देशाच्या घटनेतले होते.

आता मी जरा अडचणीच्या भागाकडे येतो. या मदत करणाऱ्या भल्या लोकांनी मुलांना सल्लाही दिला. बाहेर गेलात की तुम्ही तुमच्या समाजाचे दूत आहात. नीट वागा. चार जपानी मुलं मिळून फिरू नका, एकत्र राहू नका, लोकांच्या डोळ्यांवर येईल. चारचौघांत जपानी बोलू नका. निवड करतानाही मार्कांबरोबर, हा मुलगा बाहेरच्यांत कितपत मिसळून जाईल, हे पाहिलं जायचं.

हा सल्ला आपल्यापैकी कोणाला नवीन आहे? मी पुण्याला इंजिनिअरिंगला निघालो तेव्हा अब्बांनी एसटी स्टँडवर मला हेच सांगितलं होतं. आपल्या पोरांचा घोळका करू नकोस, दोन शब्द कमी बोल, काही झालं तर नाव आपल्या सगळ्यांचं खराब होतं. अब्बा चुकीचे नव्हते. ज्यानं जग बघितलंय तो पोराच्या काळजीनं असंच बोलणार. त्या परिषदेतले प्राध्यापकही चुकीचे होते असं मी म्हणत नाही, त्या दिवसांत मुलगा तारेबाहेर काढायचा तर असले तह करावे लागत असतील. पण एकोणीस वर्षांच्या पोरानं वसतिगृहात जेवायला बसताना आपल्या टेबलावर आपल्यासारखे किती आहेत ते मोजायचं, ही शिक्षाच आहे. तिची कुठे नोंद होत नाही इतकंच. मी चार वर्षं मोजलं. माझी भाची पेढे फ्रिजमध्ये ठेवून मोजत होती. म्हणून मी तुमच्या पालकांना हात जोडून सांगतो, काळजी घ्यायला सांगा, पण निकालाचे पेढे वाटायला चार दिवस थांबवू नका.

एक भान मात्र ठेवू या. आपल्याला कोणी छावणीत टाकलेलं नाही, आणि आपलं दुखणं मोठं करून सांगण्यासाठी मी त्यांची गोष्ट उसनी घेत नाहीये. आपल्या देशात असं झालंच नाही असंही नाही. 1962 च्या चीन युद्धात आसाम आणि बंगालकडच्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. काही कुटुंबं तिथे काही वर्षं होती. त्यांच्यातही शाळेत जाणारी मुलं होती. नागरिकशास्त्राच्या सरांनी हेही एकदा वर्गात सांगावं, अशी माझी विनंती आहे.

छावण्यांतल्या मुलांसमोर पुढचा प्रश्न आला फेब्रुवारी 1943 मध्ये. सतरा वर्षांवरच्या प्रत्येकाला निष्ठेची प्रश्नावली. प्रश्न 27, लष्करात लढायला तयार आहेस का? प्रश्न 28, जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडतोस का? जी निष्ठा कधी ठेवलीच नाही ती सोडतो असं लिहायचं तर आधी ती होती असं कबूल केल्यासारखं होतं. फॉर्म डिझाइन करणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावं. जानेवारी 1944 मध्ये सक्तीची भरतीही या मुलांना लागू झाली. म्हणजे शाळेचं प्रमाणपत्र हातात आणि मागोमाग लष्कराचं बोलावणं, आई-वडील तारेआड. बरेच जण गेले, लढले, मेले. हार्ट माउंटन छावणीतल्या 63 जणांनी सांगितलं, आधी आमच्या घरच्यांना सोडा, मग येतो. जून 1944 मध्ये त्यांना प्रत्येकी तीन वर्षांची शिक्षा झाली. 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी माफी दिली. गेले ते आणि न गेले ते यांच्यात पुढे कित्येक वर्षं बोलाचाली नव्हती. अशा वेळी मुलानं शिक्षकाला विचारलं, "सर, मी काय लिहू?" तर सर काय सांगणार? मला उत्तर येत नाही. कोणी छातीठोकपणे उत्तर दिलं तर मी त्याच्यापासून जरा लांब बसेन.

मॅन्झनारच्या शाळेतला एक विद्यार्थी मात्र सांगायलाच हवा. राल्फ लाझो. हा जपानी वंशाचा नव्हता, मेक्सिकन वंशाचा. लॉस एंजलिसच्या शाळेतले त्याचे मित्र निघाले तेव्हा हा सतरा वर्षांचा पोरगा त्यांच्याबरोबर गाडीत बसला आणि छावणीत जाऊन राहिला. वडिलांना फक्त 'कॅम्पला जातोय' एवढंच सांगितलं होतं म्हणतात! मुलांनी त्याला वर्गाचा अध्यक्ष निवडलं. 1944 मध्ये तो तिथूनच शाळा उत्तीर्ण झाला, मग लष्करात गेला. पुढे आयुष्यभर त्यानं शिक्षकाचं आणि कॉलेजात विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचं काम केलं. काय शिकायचं, फॉर्म कसा भरायचा, हेच काम.

तुमच्याही वर्गात असा एखादा असेल. आमच्या गल्लीत कुलकर्णी काका आहेत.

1983 मध्ये अमेरिकन संसदेनं नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. या कारवाईमागे लष्करी गरज नव्हती. वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश ही कारणं होती, असं त्यात स्पष्ट लिहिलं. 1988 मध्ये कायदा करून देशानं माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. शाळा-कॉलेजांना मात्र आणखी वेळ लागला. मे 2008 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठानं आपल्या त्या सुमारे 450 विद्यार्थ्यांना सन्मान्य पदव्या दिल्या. 2009 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं सुमारे सातशे जणांसाठी तसाच ठराव केला. ज्यांचं शाळेचं प्रमाणपत्र राहून गेलं होतं त्यांना ते देता यावं म्हणून कॅलिफोर्नियात वेगळा कायदाही झाला. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची माणसं झगे आणि चौकोनी टोप्या घालून, कोणी व्हीलचेअरवरून, आपली राहिलेली पदवी घ्यायला आली. बरेच नव्हतेच, त्यांच्या मुलानातवंडांनी घेतली.

त्या काळात शाळेच्या फायली कोणी जपून ठेवल्या होत्या, कोणी नावं नीट लिहिली होती, म्हणून 66 वर्षांनी ती यादी करता आली. हा माझ्या धंद्याचा भाग आहे, म्हणून मला यातलं कारकुनी काम जास्त दिसतं. समोरच्या शिक्षकांना माझं तेवढंच मागणं आहे. धीर द्या, पण त्याबरोबर शिफारसपत्रही लिहून द्या. नाव, विषय, मार्क, तारीख, सही. वातावरण बिघडलं की मुलं तुमच्याकडे येणं आधी बंद करतात, तेव्हा तुम्हीच एकदा घरी जाऊन या. आणि मुलांनो, तुम्ही मागायला लाजू नका. 'सर, मार्गदर्शन करा' असं म्हणाल तर सर भाषण करतील, जसं मी आता करतोय. 'सर, या कॉलेजला पत्र पाहिजे, गुरुवारपर्यंत' असं म्हणा.

बस, झालं. मी साडेसहापर्यंत त्या टेबलावर आहे. लॅपटॉप आणलाय, प्रिंटर आयोजकांनी दिलाय. गणिताच्या त्या मॅडमही आल्यात, मागच्या रांगेत बसल्यात, त्यांना नाव घेतलेलं आवडत नाही म्हणून घेतलं नाही. येताना दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि असेल त्यांनी जातीचा आणि नॉन-क्रीमीलेयरचा दाखला घेऊन या. चारही ठिकाणी तुमचं नाव एकसारखं लिहिलंय का, ते आपण सगळ्यांत आधी बघू.